अल्बानियाबद्दल लिहिताना या चुका टाळा

स्पर्धा परीक्षा असो वा क्विझ, अल्बानियावरच्या प्रश्नाला हमखास मार्क जातात. बहुतेक चुकांचं मूळ एकच: अल्बेनियन लोक आणि अल्बानिया हा देश यांची सरमिसळ.

मदर तेरेसांचंच घ्या. जन्म 26 ऑगस्ट 1910, स्कोपिये. घर अल्बेनियन कॅथलिक. पर्यायांत 'अल्बानिया' दिसला की पटकन त्यावर खूण होते, थोडं जास्त वाचलेला 'युगोस्लाव्हिया' निवडतो. दोन्ही चूक. 1910 साली अल्बानिया स्वतंत्र नव्हता आणि युगोस्लाव्हिया तर जन्मालाच आला नव्हता. स्कोपिये तेव्हा ऑटोमन साम्राज्यात होतं, आज ती उत्तर मॅसिडोनियाची राजधानी आहे. म्हणून प्रश्न तेव्हाच्या देशाचा आहे की आताच्या, हे आधी नीट वाचा.

28 नोव्हेंबर 1912 ला इस्माईल केमाली यांनी व्लोरा इथे स्वातंत्र्य जाहीर केलं. पण 1913 मध्ये महासत्तांनी लंडनमध्ये बसून सीमा ठरवल्या आणि निम्म्याच्या आसपास अल्बेनियन लोक त्या सीमांबाहेर राहिले. त्यामुळे या लोकांच्या इतिहासातली कित्येक महत्त्वाची ठिकाणं आज परदेशात सापडतात. 1878 चा प्रिझ्रेनचा संघ, म्हणजे अल्बेनियन नेत्यांची राजकीय संघटना, कोसोव्होत, तर 1908 साली अल्बेनियन भाषेसाठी लॅटिन वर्णमाला जिथे ठरली ते मोनास्तीर, म्हणजे आजचं बिटोला, उत्तर मॅसिडोनियात. नकाशा शेजारी ठेवून वाचलं तर हे डोक्यात पक्कं बसतं. कोसोव्होत बहुसंख्य लोक अल्बेनियन असले तरी तो अल्बानियाचा प्रांत नाही, हेही त्याच नकाशावर दिसेल.

शेजारी स्लाव म्हणून भाषाही स्लाव, असं लिहू नका. अल्बेनियन ही इंडो-युरोपीय कुळातली स्वतंत्र शाखा आहे.

शीतयुद्धाच्या प्रश्नात मात्र खरी परीक्षा असते. अल्बानिया सोव्हिएत संघात कधीच नव्हता, युगोस्लाव्हियातही नव्हता. तिथले कम्युनिस्ट हुकूमशहा एन्व्हर होजा यांनी 1948 मध्ये युगोस्लाव्हियाशी, 1961 मध्ये सोव्हिएत संघाशी आणि 1978 मध्ये चीनशी फारकत घेतली. सोव्हिएत गटाच्या लष्करी करारातून, म्हणजे वॉर्सा करारातून, देश अधिकृतपणे बाहेर पडला तो 1968 मध्ये. ही चार सालं त्यांच्या कारणांसकट लक्षात ठेवा: 1948 मध्ये युगोस्लाव्हिया देश गिळेल ही भीती होती, 1961 आणि 1978 मध्ये मित्रदेश बदलला किंवा मवाळ झाला असं होजांना वाटलं, तर 1968 मध्ये निमित्त झालं चेकोस्लोव्हाकियावरच्या आक्रमणाचं. शेवटी देश एकटा पडला. देशभर दिसणारे काँक्रीटचे बंकर याच भीतीतून उभे राहिले. ते दुसऱ्या महायुद्धातले समजू नयेत. 1967 मध्ये धर्मावर बंदी आली, ती 1990 मध्ये उठली. त्यामुळे आजच्या अल्बानियाला नास्तिक राष्ट्र म्हणणं चूक. तिथे मुस्लिम, ऑर्थोडॉक्स, कॅथलिक सगळे आहेत, आणि बेक्ताशी या सूफी पंथाचं जागतिक केंद्रही राजधानी तिरानातच आहे.

चलनात युरो लिहिण्याचा मोह होतो. देश 2009 पासून नाटोत आहे, पण युरोपीय संघाचा अजून फक्त उमेदवार, चलन लेक. तिथे प्रत्यक्ष जाणार असाल तर एक गोष्ट ध्यानात ठेवा. 1965 मध्ये दहा जुन्या लेकचा एक नवा लेक झाला, तरी बोलण्यात जुना हिशेब अजून चालतो. कॉफीचे 'हजार' सांगितले तर बहुधा शंभरच द्यायचे असतात. घाबरून जास्तीच्या नोटा काढू नका. आकडा कागदावर लिहून मागा किंवा जुने की नवे, असं सरळ विचारा.

आणि कॉकेशसमध्येही अल्बानिया नावाचं एक प्राचीन राज्य होतं, आजच्या अझरबैजानच्या भागात. बाल्कनमधल्या या देशाशी त्याचा संबंध नाही.