माउंटन बाइक चालवताय? मग या चुका टाळा (उतारावरच्या आणि जिममधल्यासुद्धा)

पाऊस सरला की ठाण्यात आणि नवी मुंबईत नव्याकोऱ्या माउंटन बाइक बाहेर पडतात. उपवनवरून येऊरचा चढ, पारसिक हिल, खारघरची टेकडी, रविवारी पहाटे जिकडे जाल तिकडे हेल्मेटवाली पोरं दिसतात. छान वाटतं बघून, खरंच. पण दर सीझनला त्याच चुका बघून आता वैताग आलाय, कारण या चुकांनी माणसं पडतात, हाडं मोडतात आणि मग ती बाइक गॅलरीत कपडे वाळत घालायला वापरली जाते. म्हणून जे प्रत्येकाला वेगवेगळं सांगत बसतो ते इथे एकदाच लिहितोय.

"उतार आला की मागे जा"

हा सल्ला ज्याने पहिल्यांदा दिला असेल तो असेल, पण आता प्रत्येक ग्रुपमध्ये कुणीतरी नवख्याला हेच ओरडून सांगत असतो. मग नवखा काय करतो, तर बूड सीटच्या पार मागे, हात ताणून सरळ, गुडघे आखडलेले, आणि जीव मुठीत धरून खाली येतो. त्याला वाटतं मागे गेलो म्हणजे आता पुढे पडणार नाही.

होतं उलटंच. वळायचं काम पुढचं चाक करतं आणि ब्रेकिंगचा मोठा वाटाही पुढचंच चाक उचलतं. तुम्ही मागे लटकलात की पुढच्या चाकावर वजनच राहत नाही, आणि वजन नाही म्हणजे पकड नाही. त्यात आपल्याकडचा सुटा मुरूम आणि काळ्या दगडाची बारीक खडी, तिथे बिनभाराचं चाक वळणावर सरळ बाजूला निसटतं. दुसरी गोष्ट, हात आधीच सरळ असले की पुढचं चाक एखाद्या खड्ड्यात किंवा पायरीवरून खाली गेल्यावर हँडल तुमच्यापासून लांब जातं, पण हाताला लांब व्हायला जागाच उरलेली नसते. मग हँडल तुम्हाला ओढून पुढे फेकतं. म्हणजे ज्या भीतीने मागे गेलात नेमकं तेच.

खारघरच्या टेकडीवर, चाफेवाडीच्या बाजूला, आमच्यासोबत एक पोरगा होता. तगडा, रोज जिमला जाणारा, लेग प्रेसवर भरपूर वजन लावणारा, चढावर सगळ्यांच्या पुढे. दम त्याच्यात आमच्या सगळ्यांपेक्षा जास्त होता यात वादच नाही. वर थांबलो तेव्हा मी त्याला म्हटलं, उतरताना कोपरं वाकव, छाती हँडलच्या वर आण, मागे लटकू नकोस. तो म्हणाला, दादा मी सगळं बघितलंय, मागेच जायचं असतं. तिसऱ्या वळणावर पुढचं चाक मुरमावरून गेलं आणि हा डाव्या खांद्यावर आपटला. वेग फार नव्हता हो, माणूस धावतो त्याहून थोडा जास्त. पण कॉलर बोनला तेवढं पुरतं. टॉवेलची झोळी करून हात गळ्यात बांधला, बाइक दोघांनी आळीपाळीने ढकलत आणली, खाली डांबरी रस्त्याला लागेपर्यंत तो पोरगा प्रत्येक पावलाला कळवळत होता. एक्सरेमध्ये हाड दोन तुकडे. नंतर भेटायला गेलो तर पहिला प्रश्न काय, "दादा, टायर बदलू का, ग्रिप कमी पडली ना?"

टायर ठीक होता. उभं राहायची पद्धत चुकीची होती, आणि हे मी त्याला त्याच्या आईसमोर सांगितलं, कारण हा असाच परत टेकडीवर गेला असता तर दुसरा खांदा मोडून आला असता.

मग उभं कसं राहायचं? दोन्ही पेडल एका पातळीत, टाचा किंचित खाली, सगळं वजन पायांवर. गुडघे सैल. कंबरेतून वाका, म्हणजे जमिनीवरची जड पिशवी पाठ न वाकवता उचलताना जसे वाकतो तसे, बूड आपोआप थोडं मागे जातं आणि छाती खाली हँडलच्या दिशेने येते. कोपरं बाहेर आणि वाकलेली. हनुवटी साधारण हँडलच्या मधोमध. हातांवर भार इतका हलका की सपाटीवर बोटं क्षणभर उघडली तरी तोल जाऊ नये. फारच तीव्र उतार असेल तर बूड अजून मागे जाईल, जाऊ दे, पण कोपरातला वाक संपता कामा नये. बाइक तुमच्या खाली पुढेमागे डुलू द्या, तुम्ही पेडलच्या वरच राहा.

आणि हे टेकडीवर शिकायचं नाही. सोसायटीच्या पार्किंगमध्ये, स्पीड ब्रेकरवर, शिकायचं. वॉचमनकाका हसतील, हसू देत.

जिममध्ये नुसत्या मांड्या

ही माझी दुसरी डोकेदुखी. सायकल म्हणजे पाय, म्हणून जिममध्ये जाऊन लेग प्रेस, लेग एक्स्टेंशन, झालं. मग येऊरच्या चढावर अर्ध्या तासाने कंबर धरते आणि उतारावर पंजे आखडून ब्रेक दाबता येत नाही. वर जी पोझिशन सांगितली ती पाच-दहा मिनिटं दगडधोंड्यांवर टिकवायची तर काम कुणाचं असतं? पाठीचा खालचा भाग, कुल्ले, मांडीची मागची बाजू, खांद्यांमागचे स्नायू आणि पंजा. हे थकले की तुम्ही आपोआप सरळ होता, हात लॉक होतात, सीटवर बसता, आणि तिथूनच पडायला सुरुवात. त्या खारघरवाल्या पोराचंही तेच, पाय लोखंडी पण कंबरेतून नीट वाकताच येत नव्हतं.

त्यामुळे मी ज्याला त्याला आधी हेच विचारतो, कंबरेतून वाकता येतं का? मॉपची काठी पाठीला उभी लावा, डोक्याची मागची बाजू, पाठीचा वरचा भाग आणि माकडहाड असे तीन ठिकाणी काठी टेकली पाहिजे. आता बूड मागे ढकलत वाका. तीनपैकी एक जरी जागा सुटली तरी वजन उचलायची घाई करू नका, आठवडाभर रोज नुसतं हेच करा. कंटाळवाणं आहे, माहितीये. इथेच निम्मी पोरं सोडून देतात आणि थेट डेडलिफ्टचा बार भरायला जातात.

ते जमलं की रोमानियन डेडलिफ्ट, म्हणजे हातात वजन धरून तसंच कंबरेतून वाकणं आणि सरळ होणं, रिकाम्या २० किलोच्या बारने किंवा हलक्या डंबेलने सुरू करून. त्याच्याबरोबर एका पायाचं काम, म्हणजे स्प्लिट स्क्वॉट (एक पाय पुढे, एक मागे ठेवून खाली बसणं) किंवा उंच पायरीवर स्टेप-अप, कारण पेडल एकेका पायानेच मारतो. मग वाकून डंबेल रो (डंबेल पोटाकडे ओढणं), पुशअप, आणि शेवटी दोन्ही हातांत जड डंबेल धरून चालणे. घरी करत असाल तर पाण्याने भरलेले दोन कॅन उचलून पॅसेजमध्ये फेऱ्या मारा, पंजाला याच्याइतका स्वस्त व्यायाम नाही. ३ सेट, प्रत्येकात ८ च्या आसपास रेप्स (आवर्तनं), मध्ये दोन मिनिटं आराम, आणि शेवटच्या रेपनंतर अजून दोन निघाल्या असत्या असं वाटलं पाहिजे. आठवड्यातून दोनदा, मी मंगळवार-गुरुवार धरतो म्हणजे रविवारी पाय मोकळे असतात. वजन वाढवायचं तर छोट्या टप्प्याने. कुणी "तीस दिवसांत रायडर बना" वगैरे विकत असेल तर त्याच्या नादाला लागू नका, स्नायू तरी लवकर जुळवून घेतात, कंडरांना महिने लागतात आणि त्या एकदा दुखावल्या की सीझन गेला.

क्रंचेस मारून पोटाचे स्नायू दिसतील, बाइकवर उपयोग फार नाही. प्लँक करा, एका हातात वजन धरून सरळ चाला.

स्वित्झर्लंडचा माउंटन बाइकर नीनो शुर्टर, रिओ २०१६ ऑलिंपिकचा सुवर्णविजेता, दहा वेळचा जगज्जेता, त्याच्या ट्रेनिंगचे व्हिडिओ बघितलेत तर कळेल, भरपूर काम वजन आणि तोल एकत्र असं असतं. पण ते बघून उद्या बॉलवर उभे राहून वजन उचलू नका. आधी जमिनीवर.

ब्रेक

चार बोटांनी ब्रेक दाबणारे अजून दिसतात. हायड्रॉलिक (तेलाच्या दाबावर चालणारा) डिस्क ब्रेक असेल तर एक बोट बास, बाकी तीन हँडल धरायला. मेकॅनिकल, म्हणजे तारेवर चालणारा, असेल तर दोन. दुकानातून बाइक येते तेव्हा लिव्हर बहुतेक वेळा ग्रिपच्या अगदी जवळ बसवलेलं असतं, ते थोडं आत सरकवा म्हणजे तर्जनी लिव्हरच्या टोकाला येईल. एका एलन कीचं काम आहे आणि त्याने फरक केवढा पडतो!

पुढच्या ब्रेकला घाबरून फक्त मागचा दाबणं ही चूक, आणि पुढचा खटकन दाबणं ही त्याहून मोठी चूक. हळू दाबत दाबत वाढवायचा. वळणाच्या आधी वेग कमी करा, वळणात शक्यतो सोडा. सगळा उतार ब्रेक किंचित दाबून उतरलात तर पंजे संपतात आणि डिस्क तापते.

छोट्या पण रोजच्या

हवा. कोपऱ्यावरच्या पंक्चरवाल्याकडून टायर दगडासारखा टणक करून आणू नका. साधारण ७० किलोचा माणूस, सव्वादोन इंची टायर, आत ट्यूब, तर ३० पीएसआयच्या आसपास सुरुवात करा, पुढे मागच्यापेक्षा एक-दोन कमी. ट्यूबलेस असेल तर अजून थोडी कमी चालते. हवा मोजायचा स्वतःचा गेज घ्या.

सीट. चढाला वर, उताराला खाली. ड्रॉपर (चालवता चालवता बटणाने सीट खाली-वर करणारा दांडा) नसेल तर थांबून सीटखालचा क्विक रिलीजचा खटका उघडा, अर्ध्या मिनिटाचं काम, पण ग्रुप पुढे जाईल म्हणून कुणी करत नाही.

नजर. दगडाकडे बघाल तर दगडावरच जाल. पुढे बघा, जिथून जायचंय तिथे.

क्लीट्स, म्हणजे बूट पेडलला अडकवणाऱ्या पट्ट्या. पहिलं वर्ष तरी नको, साधे फ्लॅट पेडल आणि सपाट तळाचे बूट. क्लीटने पेडल वर ओढून बाइक उडवली म्हणजे बनी हॉप (दोन्ही चाकं उचलून अडथळ्यावरून उडी) आला असं नाही.

गिअर. चढ सुरू होण्याआधी बदला, चढावर जोर लावून चेन कडकडवू नका.

लेग डे शनिवारी नको. इतकंच.

स्लो राइडिंगबद्दल मात्र थोडं बोलतो. पार्किंगमध्ये दोन चपला ठेवा आणि त्यांच्याभोवती आठ काढा, दर दोन-तीन दिवसांनी चपला जवळ आणा, पाय टेकायचा नाही. मग बाइकवरच, पाय न टेकता, जागेवर उभं राहायचा प्रयत्न. आमच्यात ठाण्याच्या एक ताई आहेत, वजन उचलण्यात आमच्यापेक्षा कितीतरी मागे, पण ऑफिसवरून आल्यावर रोज पंधरा मिनिटं हेच करायच्या, आणि आज अवघड दगडी पॅचवर सगळे उतरून बाइक ढकलतात तिथून त्या चालवत जातात. त्यांना कुणी रील बघून प्रश्न विचारला की त्या चपला काढून समोर ठेवतात.

असं होत असेल तर

चढावर पुढचं चाक उचलतंय? सीटच्या टोकावर सरका, कोपरं खाली, छाती हँडलकडे. मागचं चाक जागेवर गरागरा फिरतंय? उभे राहिलात, मागचा भार गेला, बसा आणि एक गिअर जड करून सावकाश मारा. कंबर दुखते, तर वरचं काठीवालं परत वाचा, शिवाय सीट फार उंच आहे का बघा. पण दुखणं पायात उतरत असेल तर फिजिओकडे जा, राइड नको.

शेवाळलेला दगड आणि ओली मुळं यावर ना ब्रेक ना वळण, सरळ जाऊ द्यायचं. भर पावसात मी ट्रेलला जातच नाही, पाण्याने वाटा आधीच फुटलेल्या असतात, वरून आपण टायरने अजून चर पाडायचे, आणि खारघरच्या पांडवकडा धबधब्याच्या भागात तर पावसाळ्यात पोलीस बंदी घालतात ती पाळायचीच. येऊर हा संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचा भाग आहे, बिबट्यांचं घर आहे, त्यामुळे गेटवर विचारल्याशिवाय दिसेल त्या पायवाटेने आत घुसायचं नाही, अंधार पडायच्या आत बाहेर, आणि पाड्यांमधून जाताना हळू, तिथे लेकरं रस्त्यावर खेळत असतात.

बोटं बधीर होत असतील तर सीटचं टोक खाली झुकलंय का ते आधी बघा. झुकलेल्या सीटवरून तुम्ही सतत पुढे घसरता आणि सगळा भार तळहातावर येतो. सीट सपाट करा, लिव्हर मनगट सरळ राहील अशा कोनात बसवा, आणि तरीही दोन-तीन राइडमध्ये फरक पडला नाही तर मग ग्रिप बदलायचा विचार करा, आधी नाही.