कटला वाढतच नव्हता: मुळाशी चिलापी निघाली

आमचं मातीचं तळं 20 गुंठ्यांचं. गळाला मोठा कटला लागावा म्हणून खास राखलेलं. दोन वर्षं झाली तरी मासा अर्ध्या किलोवरच अडलेला, नुसतं डोकं मोठं आणि पाठ चाकूसारखी.

आधी पेंड-कोंडा दुप्पट केला, मग पाण्यात कटल्याचं बारीक हिरवं खाद्य वाढावं म्हणून शेण वाढवलं. पाणी गर्द हिरवं झालं आणि पहाटे मासे वर येऊन तोंड उघडू लागले. फार जीव जळला.

शेवटी जाळं फेकलं, तर कटला 4 आणि बोटाएवढी चिलापी (तिलापिया मासा) टोपलीभर! ती तळ्यातच वर्षातून अनेकदा पिल्लं काढते आणि सगळं खाद्य तिच्याच पोटात जातं. शेण वाढवून काय होणार?

मे महिन्यात पाणी पूर्ण उपसलं. कटले विकले. तळ भेगा पडेपर्यंत वाळवला, कारण डबक्यात चार पिल्लं राहिली तरी मेहनत वाया. मग 50 किलो चुना पसरला. पावसाचं पाणी घेताना तोंडाशी बारीक जाळी बांधली. भरल्यावर शेण थोडंच टाकलं. हात कोपरापर्यंत बुडवला की तळवा जेमतेम दिसावा, इतपतच हिरवं पाणी ठेवायचं. त्यानंतरच कटल्याची मोठी बोटुकली (बोटाएवढी पिल्लं) सोडली, मोजून 200. मोह होतो, पण जास्त सोडू नका.

पुढच्या मे महिन्यात कणकेच्या गोळ्याला लागलेला कटला वजनकाट्यावर 2 किलो 300 ग्रॅम भरला. पाठ रुंद, खवले हाताच्या अंगठ्याएवढे.