जर्मन रणगाड्याचा पिवळा रंग जुळवायचा कसा

माझं पहिलं पँझर फोर, म्हणजे दुसऱ्या महायुद्धातल्या जर्मन रणगाड्याचं किट जोडून केलेलं मॉडेल, अजून कपाटावर आहे, १:३५ स्केलचं, आणि रंग म्हणाल तर तळाला लागलेल्या पिठल्यासारखा. गंमत म्हणजे बाटली बरोबर होती, रंगांच्या नमुना-कार्डाशी ताडून घेतलं होतं, सगळं केलं होतं, तरी शेवटी हे असं. का झालं ते कळेपर्यंत अजून दोन किट वाया गेले. तुमचे जाऊ नयेत म्हणून लिहितोय.

आधी तारीख. गाडी कुठल्या साली, कुठल्या आघाडीवर होती हे ठरवल्याशिवाय बाटलीला हात लावू नका. युद्धाच्या सुरुवातीला जर्मन गाड्या गडद करड्या आणि त्यावर साधारण एक तृतीयांश भागात गडद तपकिरी अशा असायच्या, ब्लॅक अँड व्हाइट फोटोत हे दोन रंग एकमेकांत असे मिसळतात की कित्येक वर्षं लोक नुसतीच करडी गाडी रंगवत बसले. १९४० च्या उन्हाळ्यात तपकिरी बंद, फक्त करडा, म्हणजे राल ७०२१ (राल ही रंगांना नंबर देणारी जर्मन पद्धत). आफ्रिकेत १९४१ पासून वाळवंटासाठी वेगळे रंग, राल ८००० आणि ७००८, पुढच्या वर्षी ८०२० आणि ७०२७. मग फेब्रुवारी १९४३ मध्ये हुकूम निघाला की मूळ रंग आता गडद पिवळा, तोच डुंकेलगेल्ब, राल ७०२८, आणि त्यावर हिरव्या-तपकिरी पट्ट्या. स्टालिनग्राडची लढाई त्या महिन्याच्या सुरुवातीलाच संपली होती, तेव्हा तिथला रणगाडा डुंकेलगेल्बमध्ये दाखवलात तर कोणीतरी बोट ठेवणारच.

आता चिपचं, म्हणजे कार्डावरच्या रंगाच्या नमुन्याचं. आजच्या राल कार्डात ७०२१, ऑलिव्हग्रून म्हणजे ऑलिव्ह हिरवा ६००३ आणि लालसर तपकिरी ८०१७ सापडतात, मोठ्या पेंटवाल्याकडे कार्ड असेल तर जाऊन बघून या, फुकट आहे. ७०२८ मात्र त्यात नाही, त्यामुळे त्याच्यासाठी प्रत्येक रंग कंपनीचा आपापला पिवळा, कोणाचा हिरवट, कोणाचा मातकट. आणि खरं सांगू का, मूळ गाड्यांतही एकसारखेपणा नव्हता. पट्ट्यांचा हिरवा आणि तपकिरी रंग घट्ट पेस्टच्या डब्यात युनिटकडे जायचा, तिथे पाण्यात नाहीतर पेट्रोलमध्ये पातळ करून स्प्रेगनने, ती नसेल तर ब्रशने, मिळेल तशी फवारणी व्हायची. पाणी जास्त झालं की थर फिका, पावसात अजून धुऊन जायचा. म्हणून पट्ट्यांच्या शेडवरून भांडणाऱ्यांकडे मी लक्ष देत नाही. पण मूळ पिवळ्यावर मेहनत घ्या, नजर आधी तिथेच जाते.

मिक्सिंग मी प्लॅस्टिकच्या पांढऱ्या चमच्यांवर करतो, आइस्क्रीमवाले पूर्वी द्यायचे तसल्या. चमच्याला तोच प्रायमर, म्हणजे रंगाखालचा पहिला थर, मारायचा जो किटला मारणार आहात, हे विसरू नका, काळ्या प्रायमरवरचा पिवळा आणि करड्यावरचा पिवळा दोन वेगळे रंग दिसतात. समजा टामिया या जपानी कंपनीचा गडद पिवळा, एक्सएफ-६०, घेतला. पहिला चमचा नुसता बाटलीतला. दुसऱ्याला १० थेंबांत २ थेंब पांढरा एक्सएफ-२. तिसऱ्याला पांढऱ्याऐवजी बफ, म्हणजे फिकट मातकट पिवळा, एक्सएफ-५७, तेवढाच. चमच्याच्या मागे मार्करने प्रमाण लिहायचं, पूर्ण वाळू द्यायचं, ओल्या रंगावर काहीही ठरवायचं नाही. मग तिन्ही चमचे घेऊन गॅलरीत जायचं, सकाळी दहाच्या सुमाराला, थेट उन्हात नाही, सावलीत. ट्यूबलाइटखाली जे दोन रंग अगदी एक वाटतात ते बाहेर आल्यावर चक्क वेगळे निघतात. माझं पिठलं इथूनच सुरू झालं होतं, रात्री अकराला ट्यूबखाली कार्ड जुळवत बसलो होतो ना.

रंग फिका का करायचा? कारण खरा रणगाडा आपण लांबून बघतो, मधल्या हवेने रंग मवाळ होतो, आणि हातभर अंतरावरच्या छोट्या मॉडेलवर तोच रंग गडद, जड वाटतो. हॉबीत अंदाज असा चालतो की १:७२ ला १५ टक्के, १:४८ ला १०, १:३५ ला ७ च्या आसपास फिका करायचा. हा नियम नाही, डोळ्याला पटेल तिथे थांबा. करड्यात मात्र पांढरा ओतू नका राव, ७०२१ मध्ये पांढरा गेला की तो निळा पडायला लागतो आणि गाडी नौदलाची वाटते. तिथे बफ किंवा डेक टॅन, एक्सएफ-५५, थेंबाथेंबाने.

दुसरा घोटाळा वरच्या थरांचा. बेस कोट झाला की ग्लॉस वार्निश, मग डेकल (चिकटवायची चिन्हं आणि नंबर), मग तपकिरी वॉश (खाचांत उतरणारा पातळ गडद रंग), धूळ, शेवटी मॅट वार्निश. ग्लॉसने रंग गडद होतो, वॉशने अजून एक पायरी खाली जातो, मॅटने थोडा परत वर येतो पण सगळा नाही. म्हणजे कार्डाशी तंतोतंत जुळलेला बेस शेवटी जुळत नाहीच. त्यामुळे निवडलेल्या चमच्यावर हे सगळे थर करून बघा, आणि त्या शेवटच्या रंगाला कार्डाशी लावा. कंटाळा येतो, मान्य, पण चमचा एक रुपयाचा आणि किट किती हजारांचं ते तुम्हाला माहितीये.

संग्रहालयात जाऊन रंग जुळवू का, असंही विचारतात. अहिल्यानगरच्या रणगाडा संग्रहालयात जा, नक्की जा, वेल्डिंगच्या रेघा, पोलादाचा खडबडीतपणा, चिखल कुठे अडकतो हे तिथे जसं कळतं तसं फोटोत कळत नाही. पण शेड उचलू नका, वर्षानुवर्षं उभ्या असलेल्या गाडीला पुन्हापुन्हा रंग लावावाच लागतो, आज दिसतो तो युद्धातला नसतो. जुन्या कलर फोटोंचंही तसंच, फिल्मचे रंग उडालेले असतात, फोटोतल्या गवताचा आणि कातडीचा रंग आधी बघा, तेच विचित्र असेल तर रणगाड्याच्या रंगावर काय विश्वास ठेवणार.

आणि मिश्रण एकदाच, भरपूर करा. एअरब्रशसाठी, म्हणजे हवेने रंग फवारणाऱ्या पेनासाठी, पातळ करायला टामियाचं एक्स-२०ए थिनर नाहीतर आयसोप्रोपिल अल्कोहोल, पण पातळ फक्त लागेल तेवढंच, बाकीचं घट्टच रिकाम्या बाटलीत भरून वर प्रमाण आणि तारखेची चिठ्ठी. टरेटवर, म्हणजे तोफेच्या फिरत्या बुरुजावर, अर्धा रंग मारून झाल्यावर कप रिकामा झाला तर तोच शेड दुसऱ्यांदा येत नाही, आणि सगळं झाल्यावर टूल बॉक्सचं झाकण स्प्रूलाच, म्हणजे सुटे भाग ज्या चौकटीला जोडलेले येतात तिलाच, राहिलेलं सापडतं, माझं तरी दर वेळी सापडतं.