पाहुण्यांना मुंबई दाखवताना आधी ऊन बघा

गावाहून पाहुणे आले की आपण दहा ठिकाणांची यादी करतो आणि भर दुपारी सगळ्यांना गेटवेच्या तापलेल्या फरशीवर उभं करतो. तसं अजिबात करू नका. मुंबईच्या दोन्ही अंगांना पाणी आहे. सकाळ पूर्वेच्या बंदराला द्या, संध्याकाळ पश्चिमेच्या समुद्राला. बुधवार तेवढा टाळा, राणीची बाग त्या दिवशी बंद असते.

गेटवेला उजाडताच पोहोचा. सूर्य समोरच्या पाण्यावरून वर येतो आणि कोवळं ऊन कमानीतून थेट आत शिरतं. 1911 मध्ये पायाभरणी झालेल्या या कमानीचा पिवळसर दगड तेव्हा खरा खुलतो. घारापुरीच्या लाँच इथूनच सुटतात, हे मुलांना दाखवून ठेवा, पुढे उपयोगी पडेल.

तिथून सीएसएमटी गाठा आणि लोकलने भायखळा. राणीच्या बागेत सगळे पेंग्विनकडे धावतात. धावू द्या, पण नंतर त्यांना झाडांपाशी आणा, कारण माझ्या मते या बागेची खरी श्रीमंती झाडांत आहे. कैलासपतीची फुलं फांदीच्या टोकाला येत नाहीत, थेट खोडातून फुटतात. खाली गळलेलं एखादं फूल उचलून मुलांच्या तळहातावर ठेवा: जाड, गुलाबी पाकळ्या, मध्ये पिंडीसारखा उंचवटा आणि त्यावर वाकलेला फणा. वास इतका दाट की हाताला बराच वेळ राहतो. गोरखचिंचेचा बुंधाही दाखवा, तिघा-चौघांनी हात धरले तरी कवेत येत नाही.

बागेला लागूनच असलेल्या भाऊ दाजी लाड संग्रहालयाबाहेर दगडी हत्ती आहे. तो मूळचा घारापुरीचा, त्याच्यावरूनच पोर्तुगीजांनी बेटाला एलिफंटा म्हटलं. इंग्लंडला न्यायला उचलताना तो पडून फुटला, मग इथे जोडून उभा केला. सकाळच्या लाँच आठवून मुलं इथे भरपूर प्रश्न विचारतात. ज्या पुतळ्यावरून काळा घोडा हे नाव पडलं तोही 1965 पासून याच आवारात आहे.

दुपारी जेवून थोडं पडा. चारनंतर ओव्हल मैदानावर या. विद्यापीठ आणि हायकोर्टाची तोंडं पश्चिमेला, त्यामुळे उतरतं ऊन राजाबाई टॉवरच्या दगडावर सरळ पडतं. समोरच्या बाजूला 1930 च्या आसपासच्या आर्ट डेको शैलीतल्या इमारतींची रांग आहे. मध्ये उभं राहून दोन्हीकडे बघायला सांगा, 2018 मध्ये हा सगळा परिसर जागतिक वारसा यादीत गेला.

सूर्यास्ताच्या तासभर आधी टॅक्सीने मलबार हिल. हँगिंग गार्डनच्या हिरवळीखाली शहराच्या पाण्याची टाकी आहे, हे ऐकून पाहुणे हमखास थबकतात. मुलांना समोरच्या बागेत म्हातारीच्या बुटात चढू द्या, मोठ्यांना कठड्याशी न्या, तिथून मरीन ड्राइव्हचं अख्खं वळण दिसतं. बाणगंगा मात्र जवळ आहे म्हणून त्याच दिवशी उरकू नका. त्या पायऱ्या उतरून तळ्याकाठी निवांत बसायला वेगळी सकाळ ठेवा.