फी भरण्याआधी त्या लाइनचं एक पुस्तक वाचून बघा

बारावीनंतर काय घ्यायचं ते ठरत नाही आणि घरात जो तो आपापलं सांगतो, काका म्हणतात सीए कर, आत्या म्हणते कॉम्प्युटरच घे. बडोद्यात तरी यावर फुकटात जमेल असा उपाय आहे.

१. डोक्यात ज्या दोन-तीन लाइन आहेत त्यांचा फर्स्ट इयरचा सिलॅबस युनिव्हर्सिटीच्या साइटवरून काढा, त्यात बहुतेक वेळा पुस्तकांची नावं दिलेली असतात.

२. ती पुस्तकं मांडवीच्या सेंट्रल लायब्ररीत मिळतात का बघा (सयाजीरावांनी १९१० मध्ये सुरू केलेली, काचेच्या फरशा बघायला तरी जाच), नाहीतर सीनियर मुलांकडून आणा. विकत घेऊ नका.

३. पहिला धडा सोडा, तो सगळ्याच पुस्तकांचा गोड असतो. मधलाच एखादा उघडा आणि रोज जेवणानंतर दहा पानं, फोन दुसऱ्या खोलीत चार्जिंगला लावून. एका लाइनला एक आठवडा पुरे.

वाचताना मार्क किती पडतील ते नाही बघायचं, अकाउंट्सचं गणित उत्तर न बघता स्वतः सोडवावंसं वाटतं का, डेप्रिसिएशनचा (घसाऱ्याचा) आकडा जुळला नाही तर परत करून बघता का की पान उलटता, हे बघायचं. कठीण वाटलं आणि कंटाळा आला या दोन गोष्टी वहीत वेगवेगळ्या लिहा, बरेच जण त्या एकच धरतात.

फक्त जीकॅस पोर्टलची (गुजरातच्या युनिव्हर्सिटींच्या अॅडमिशनचा ऑनलाइन फॉर्म इथे भरतात) शेवटची तारीख आधी बघून ठेवा, नाहीतर वाचत बसाल आणि फॉर्म बंद.