डिस्टोपियन कथा लिहिताय? मग या चुका टाळा

कडोली, येळ्ळूर, उचगावच्या साहित्य संमेलनांमुळं आमच्या बेळगाव भागात लिहिणाऱ्या पोरांची कमी नाही, आणि हल्ली त्यातली बरीच जण डिस्टोपिया लिहायला लागलीत, म्हणजे माणसाला पार चेपून टाकणाऱ्या व्यवस्थेची गोष्ट. मला मनापासून आवडतंय हे, पण वाचायला दिलेल्या कथांत त्याच त्याच चुका दिसतात.

पहिली चूक, सुरुवातीलाच इतिहासाचा तास. तिसरं महायुद्ध झालं, मग अमुक पक्ष आला, देशाचे सात झोन पडले... वाचक तिथंच कंटाळतो. जॉर्ज ऑर्वेलची '१९८४' (१९४९) ही कादंबरी बघा. चॉकलेटचं रेशन ३० ग्रॅमवरून २० वर येतं, आणि दुसऱ्याच दिवशी रेशन वाढवून २० केलं म्हणून लोकांनी आभाराचे मोर्चे काढल्याची बातमी लागते. सगळी राजवट त्या १० ग्रॅममध्ये कळते.

तुम्ही आपल्याकडचं घ्या की. शहापूरच्या रेशन दुकानात एक म्हातारी अंगठा लावते, मशीन तीनदा नाही म्हणतं, कारण जन्मभर मागावर बसून बोटं झिजलीत, आणि मागच्या रांगेत कोण तोंड उघडत नाही, आपला नंबर जायला नको म्हणून. झालं, इथून कथा सुरू करा, झोन-बिन नंतर बघू.

दुसरी चूक त्यातनंच येते, सगळा दोष एका दुष्ट हुकूमशहावर टाकून मोकळं व्हायचं. रांगेतला तो गप्प माणूस नसेल तर हुकूमशहा एक दिवस टिकणार नाही. आणि नेहमी भीतीच लागते असंही नाही, आल्डस हक्सलेच्या १९३२च्या 'ब्रेव्ह न्यू वर्ल्ड' कादंबरीत लोक सोमा नावाची नशेची गोळी खाऊन खुशीत असतात, तक्रारच नाही कुणाची.

पडकी शहरं आणि उपाशी टोळ्या म्हणजे डिस्टोपिया नव्हे, तो प्रलयानंतरचा प्रकार. इथं व्यवस्था मोडलेली नसते, उलट फार घट्ट बसलेली असते.

भाषेचं मात्र नीट ऐका. नुसती 'शांती मंत्रालय' टाइप नावं पाडून काय होत नाही, ऑर्वेलची न्यूस्पीक, म्हणजे '१९८४'मधल्या राजवटीनं बनवलेली भाषा, भयानक वाटते कारण तिथं शब्दच कमी करत आणतात, म्हणजे विरोधाचा विचारसुद्धा करता येऊ नये. सीमाभागातल्या माणसाला हे शिकवायला नको. माझ्या आजीच्या हातात जमिनीचा उतारा असायचा, अक्षर कन्नड, स्वतःच्या शेताचं नाव तिला वाचता यायचं नाही, मग घडी उघडून त्यावरनं नुसता हात फिरवायची आणि शेजारच्या कन्नड मास्तरांकडं जायची. ते दोन-दोनदा वाचून दाखवायचे. असे मास्तरपण कथेत येऊ देत, नाहीतर कथेचं नुसतं प्रचाराचं पोस्टर होतं.

शेवटाला घाई करतात सगळे, एकतर शेवटच्या पानावर क्रांती नाहीतर सगळे मेले. रशियन लेखक झाम्यातिनच्या 'वुई' कादंबरीत उठाव अजून चालूच असतो, पण नायकाची कल्पनाशक्तीच ऑपरेशन करून काढलेली असते आणि आपल्या प्रेयसीचा छळ तो शांतपणे बघत बसतो. तुमची कथा संपत आली की रांगेतल्या त्या मागच्या माणसाकडं परत जा. पिशवी भरून घरी गेल्यावर बायकोनं विचारलं, दुकानात काय झालं, तर तो काय बोलला? तो सीन बहुतेकांनी लिहिलेलाच नसतो.