एक रिसीव्हर आणि तीन-चार हाय-रेझ प्लेअर: जोडताना या चुका टाळा

आवाज येतोय म्हणजे जोडणी बरोबर झाली, या समजुतीनं जितका घोळ घातला आहे तितका खराब वायरींनीही घातलेला नाही. होम थिएटर रिसीव्हर, म्हणजे सगळ्या प्लेअरांचा आवाज घेऊन स्पीकरांना देणारा पेटारा, फार भिडस्त यंत्र आहे. कुठल्याही वायरनं काहीही पाठवा, तो त्यातून काही ना काही वाजवून दाखवतोच. म्हणून कौतुकानं मागवलेली एसएसीडी (सीडीहून वरच्या दर्जाचा, म्हणजे हाय-रेझ आवाज साठवणारी डिस्क) लावून लोक वर्षानुवर्षं साध्या सीडीचा आवाज ऐकतात, आणि वर "हाय-रेझमध्ये काही दम नाही" असा निकालही देतात.

नागपुरातल्या हौशी घरांत संच एकदम येत नाही, तो जमत जातो. आधी डीव्हीडी-ऑडिओ (संगीतासाठीची हाय-रेझ डीव्हीडी) वाजवणारा जुना प्लेअर, मग अमेरिकेतल्या भाच्यानं आणलेला एसएसीडी प्लेअर, पुढे ब्लू-रे, आणि आता खिशात मावणारा हाय-रेझ प्लेअर. रिसीव्हर मात्र एकच. बर्डीच्या बाजारातून वायरी आणायच्या, रविवारी सगळं जोडायचं, आणि शंका आली म्हणून दुकानात फोन लावला की पलीकडून उत्तर ठरलेलं: "आवाज येऊन राहिला ना भाऊ? मग झालं तर!"

झालेलं नसतं.

ऑप्टिकल वायरीवर विसंबू नका

सोनी आणि फिलिप्सनं एसएसीडी १९९९ मध्ये आणली. तिच्यातला डीएसडी सिग्नल एका बिटचा असतो, पण त्याचा वेग सेकंदाला २८ लाख २२ हजार ४०० नमुने, म्हणजे सीडीच्या ६४ पट. पाठोपाठ आलेल्या डीव्हीडी-ऑडिओत २४ बिट आहेत: स्टिरिओत १९२ किलोहर्ट्झपर्यंत, ५.१ मध्ये (पाच स्पीकर आणि एक सबवूफर) ९६ पर्यंत. ऑप्टिकल किंवा कोअ‍ॅक्शियल वायर मात्र दोन चॅनलचा पीसीएम (न दाबलेला डिजिटल आवाज) नेते, नाहीतर दाबून बारीक केलेला डॉल्बी डिजिटल किंवा डीटीएस. पूर्ण दर्जाचा ५.१ तिच्यातून जातच नाही. शिवाय नक्कल होऊ नये म्हणून प्लेअर बनवणाऱ्यांनी हा दरवाजा मुद्दामच बंद ठेवला आहे.

मग ऐकू काय येतं? हायब्रिड एसएसीडीवर साध्या सीडीचाही थर असतो. एसएसीडीचा थर लावला की ऑप्टिकलवर बहुतेक प्लेअर गप्प बसतात. माणूस वैतागून रिमोटवरचं एसएसीडी/सीडी बटण दाबतो, आवाज सुरू होतो आणि विषय तिथेच संपतो. डीव्हीडी-ऑडिओ याहून लबाड. तिच्या बहुतेक डिस्कवर साध्या डीव्हीडी प्लेअरसाठी वेगळा व्हिडिओ विभाग असतो आणि त्यात डॉल्बी किंवा डीटीएसचा ५.१ असतो. ऑप्टिकलनं तो थाटात वाजतो, पाचही स्पीकर बोलतात, आणि ऐकणाऱ्याला खात्रीच पटते की हेच हाय-रेझ.

याची परीक्षा कानानं करू नका, रिसीव्हरच्या डिस्प्लेवर करा. डीव्हीडी-ऑडिओ लावली आणि तिथे 'डॉल्बी डिजिटल' किंवा 'डीटीएस' उमटलं, तर तुम्ही व्हिडिओ विभाग ऐकताय. एसएसीडी लावून '४४.१' दिसलं, तर तो सीडीचा थर. 'डीएसडी', '८८.२', '१७६.४' किंवा 'मल्टी पीसीएम ९६' असं काही दिसलं तर गाडी रुळावर आहे. ही माहिती रिमोटच्या इन्फो किंवा स्टेटस बटणामागे असते. संच घेतल्यापासून ते बटण न दाबलेली घरं पुष्कळ आहेत.

एचडीएमआय असूनही गप्प

प्लेअर आणि रिसीव्हर दोन्हीला एचडीएमआय असेल तर तोच रस्ता धरा. पण सगळी एचडीएमआय सारखी नसते. डीव्हीडी-ऑडिओची सोय १.१ आवृत्तीत आली, डीएसडीची १.२ मध्ये, म्हणजे २००५ साली. रिसीव्हर डीएसडी घेत नसेल आणि प्लेअर हट्टानं डीएसडीच पाठवत असेल, तर शांतता. अशा वेळी प्लेअरच्या सेटिंगमध्ये डीएसडी आउटपुट बंद करून पीसीएम निवडा. यात काही हरवेल या भीतीनं लोक अडून बसतात, ते मला पटत नाही. डीएसडी घेणारे बरेच रिसीव्हरसुद्धा बासची विभागणी आणि खोलीची दुरुस्ती करायला आत त्याचं पीसीएमच करतात.

आणखी एक गोम फार कमी जणांना माहीत असते. एचडीएमआयमध्ये आवाज चित्राच्या मधल्या रिकाम्या जागांतून जातो. प्लेअरचा व्हिडिओ ४८० किंवा ५७६ पी वर ठेवला असेल तर ती जागा अपुरी पडते, आणि ९६ किलोहर्ट्झचा ५.१ उतरून ४८ वर येतो किंवा दोनच चॅनल उरतात. टीव्ही बंद ठेवून नुसतं संगीत ऐकायचं असलं तरी व्हिडिओ ७२० किंवा १०८० पी वर ठेवा.

सगळे प्लेअर टीव्हीला जोडून तिथून एआरसीनं (त्याच एचडीएमआय वायरीतून टीव्हीचा आवाज उलट पाठवायची सोय) आवाज रिसीव्हरला आणायचा, हा उपाय सिनेमापुरता चालतो. साधं एआरसी स्टिरिओ पीसीएम किंवा दाबलेला ५.१ एवढंच नेतं. त्याच्या नव्या आवृत्तीची, ईएआरसीची क्षमता भरपूर आहे, पण मधला टीव्ही प्रत्येक सिग्नल जसाच्या तसा पुढे देईलच असं नाही. प्लेअर आधी रिसीव्हरला, रिसीव्हर पुढे टीव्हीला, हा क्रम मोडू नका.

रिसीव्हरची एचडीएमआय भोकं संपली तर दुकानात जाऊन स्विच मागा, स्प्लिटर नव्हे. स्प्लिटर एका प्लेअरचे दोन टीव्ही करतो. तुम्हाला त्याच्या उलट हवं आहे.

वाय-पिन: इथे मात्र हात आखडाच

जुने प्लेअर एचडीएमआयनं हाय-रेझ देत नाहीत. त्यांच्या मागे ५.१ च्या आवाजासाठी चॅनलमागे एक असे सहा आरसीए जॅक (गोल पिनेच्या वायरींची भोकं) असतात आणि रिसीव्हरच्या मागे तशा सहा भोकांचा एकच संच, 'मल्टी चॅनल इन' किंवा '५.१ इन' नावाचा. प्लेअर दोन, संच एक. मग कुणीतरी सुचवतं की सहा वाय-पिना (दोन वायरींची एक करणाऱ्या पिना) आण, दोन्ही प्लेअर एकत्र जोड, एका वेळी एकच तर लावायचा आहे.

हे करू नका. एका आउटपुटचे दोन फाटे करायला वाय-पिन ठीक आहे. दोन आउटपुट एकत्र बांधायला ती नाही. रिसीव्हरच्या इनपुटचा रोध हजारो ओहम असतो, प्लेअरच्या आउटपुटचा बहुधा काहीशे. त्यामुळे एका प्लेअरचा सिग्नल रिसीव्हरकडे जाण्याऐवजी दुसऱ्या प्लेअरच्या आउटपुटमध्येच जिरतो. आवाज निम्म्यावर येतो, फाटतो. दुसरा बंद ठेवला की प्रश्न मिटला, असंही नाही. बंद करताना स्पीकरमध्ये 'ठप्प' होऊ नये म्हणून अनेक प्लेअर आतून आउटपुट जमिनीला टेकवून ठेवतात. म्हणजे बंद प्लेअर चालू प्लेअरचाही गळा दाबतो. "दोन्ही प्लेअर एकाच आठवड्यात बिघडले" अशी तक्रार असेल तर आधी मागच्या वाय-पिना शोधाव्यात.

यावरचा उपाय म्हणजे सहा चॅनलचा साधा, बटण दाबून बदलणारा सिलेक्टर. तो आता सहजी मिळत नाही. पण जुन्या काळचे एव्ही सिलेक्टर अजून दुकानांच्या कोपऱ्यात पडलेले असतात, पिवळी-पांढरी-लाल अशा तीन भोकांचे. तसे दोन घ्या: एकावर पुढचे दोन आणि सेंटर, दुसऱ्यावर मागचे दोन आणि सबवूफर. प्लेअर बदलताना दोन्ही बटणं दाबावी लागतील, एवढाच त्रास. मात्र सिलेक्टर बिनविजेचा हवा. वीज लागणाऱ्या सिलेक्टरमध्ये पिवळ्या भोकामागे व्हिडिओचं सर्किट असतं आणि सेंटरचा आवाज तिथून धड जात नाही.

आणि सगळ्यात स्वस्त मार्ग कुणी विचारातच घेत नाही. दोनपैकी एका प्लेअरवर तुम्ही स्टिरिओच ऐकत असाल, तर त्याच्या डाव्या-उजव्या दोन वायरी रिसीव्हरच्या 'सीडी' इनपुटला लावा आणि सहा भोकं दुसऱ्याला सोडून द्या. फक्त चुकून 'फोनो' मध्ये खुपसू नका. ते रेकॉर्ड प्लेअरचं इनपुट आहे. तिथे सिग्नल कितीतरी पट वाढतो आणि बास बेसुमार फुगतो.

सहा वायरी लावल्या आणि बास गायब

मल्टी चॅनल इनपुट बहुतेक रिसीव्हरमध्ये थेट व्हॉल्यूमपाशी पोहोचतं. एचडीएमआयवर तुम्ही जे काही सेट केलं होतं, म्हणजे छोट्या स्पीकरांचा बास वूफरकडे वळवणं, स्पीकरांची अंतरं, मायक्रोफोन लावून केलेली खोलीची दुरुस्ती, ते सगळं इथे बाजूला राहतं. हे काम प्लेअरच्या मेनूत वेगळं करावं लागतं: स्पीकर स्मॉल की लार्ज, सबवूफर आहे की नाही, अंतर किती. प्लेअर दोन असतील तर दोन्हीत. तरीही वूफर दबलेला वाटला, तर रिसीव्हरमध्ये या इनपुटपुरता सबवूफर १० किंवा १५ डेसिबलनं वाढवायची सेटिंग असते, ती बघा.

वायरी तपासताना रिसीव्हरच्या टेस्ट टोनवर भरवसा ठेवू नका. तो आवाज रिसीव्हरच्या पोटातच तयार होतो, तुमच्या सहा वायरींना त्याचा स्पर्शही होत नाही. सेंटर आणि सबवूफरची अदलाबदल झालेली असली तरी तो सगळं छान म्हणेल. टोन प्लेअरच्या मेनूतून द्या.

खिशातला प्लेअर

रिसीव्हरच्या पुढचं यूएसबी भोक बहुधा पेनड्राइव्हसाठी असतं. तिथे हाय-रेझ प्लेअर लावला तर फार तर चार्ज होतो. ब्लूटूथनं जोडला तर आवाज दाबूनच येतो. ब्लूटूथची वरच्या दर्जाची पद्धत एलडीएसीसुद्धा जास्तीत जास्त ९९० केबीपीएस, आणि बऱ्याच रिसीव्हरमध्ये तेही नसतं. प्लेअरला लाइन-आउट असेल तर ते वापरा. नसेल तर हेडफोनच्या जॅकमधून घ्या, पण प्लेअरचा आवाज अगदी शेवटच्या टोकाला नेऊ नका, आणि स्टिरिओ सीडी-दर्जापुढचं काही ऐकायचं असेल तर त्याचं कोअ‍ॅक्शियल आउटपुट आहे का ते आधी पाहा. दोनच चॅनल असल्यानं इथे ती वायर उत्तम चालते.

भुणभुण, अर्थिंग आणि नवतपा

यंत्रं वाढली की भुणभुणही वाढते. पहिला संशय डिशच्या किंवा केबलच्या गोल वायरीवर घ्या. सेट-टॉप बॉक्समधून ती काढून पाहा. भुणभुण थांबली तर चोर सापडला. मग त्या वायरीवर आयसोलेटर (तिच्यातून येणारा जमिनीचा दुवा तोडणारा छोटा जोड) लावा आणि सगळी यंत्रं एकाच बोर्डावर घ्या. तीन पिनांपैकी जाडी पिन काढून टाकायचा सल्ला कुणी दिला तर त्याचं ऐकू नका. भुणभुण जाईल, पण बिघाडाच्या दिवशी करंट अंगावर येईल.

विदर्भातली वेगळी अडचण म्हणजे उन्हाळा. पारा ४५ वर गेला की काळी माती भेगाळते, आणि सुकलेल्या जमिनीत अर्थिंगचा रोध वाढतो. जानेवारीत शांत असलेला संच मे महिन्यात गुणगुणायला लागला, झिणझिण्या येऊ लागल्या, तर प्लेअर बदलण्याआधी अर्थिंगच्या खड्ड्यात पाणी घाला आणि इलेक्ट्रिशियनकडून तो तपासून घ्या. कूलरची मोटर आणि पंप त्याच बोर्डावर असतील तर चालू-बंद होताना स्पीकरमध्ये 'टक्' येतो. कूलरला वेगळा पॉइंट द्या, आणि त्याचा ओला झोत थेट रॅकवर सोडू नका. आरसीए पिना हिरव्या पडतात.

रिसीव्हरच्या डोक्यावर प्लेअर रचायची सवय तर नवतप्यात, म्हणजे उन्हाळ्यातल्या सगळ्यात कडक नऊ दिवसांत, मोडलीच पाहिजे. वरच्या जाळीतून गरम हवा निघते, ती वरच्या प्लेअरच्या बुडाशी कोंडते, आणि रिसीव्हर मधेच स्वतःला बंद करून घेतो. वर मोकळी जागा ठेवा, बंद काचेच्या टीव्ही युनिटची मागची फळी कापा.

अमेरिकेहून आलेला प्लेअर पहिल्यांदा लावण्याआधी मागचं लेबल वाचा. '१२० व्होल्ट, ६० हर्ट्झ' एवढंच लिहिलं असेल तर आपल्या २३० मध्ये थेट लावला की धूर निघेल; स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर लागेल, आणि तो रिसीव्हरपासून लांब ठेवावा लागेल. एसएसीडी आणि डीव्हीडी-ऑडिओच्या डिस्कना रिजनची अडचण नाही. सिनेमाच्या डीव्हीडीला आहे: तिकडचा रिजन १, आपला ५.

प्लेअर बदलला की इनपुट आपोआप उड्या मारत असेल, तर तो बिघाड नव्हे. एचडीएमआयवरचं सीईसी (एका यंत्रानं दुसऱ्याला हुकूम द्यायची सोय) चालू आहे. टीव्ही सोडून बाकी प्लेअरांचं बंद करा. आणि वायरी काढ-घाल करताना रिसीव्हर बंदच असू द्या. आरसीएची मधली पिन कडीच्या आधी टेकते, तेवढ्या क्षणात निघणारा 'भर्र' आवाज ट्वीटर (बारीक आवाजाचा छोटा स्पीकर) उडवायला पुरेसा असतो.